गडद निळ्या गाडीवर उन्हात गोल गोल ओरखडे, दसऱ्याआधी घरीच पॉलिश करू का?

अंबडचा_निल्या

नमस्कार मंडळी. गाडी २०१७ ची हॅचबॅक, गडद निळी मेटॅलिक, सेकंड हँड घेतलेली. सावलीत बघितली तर झकास वाटते पण उन्हात उभी केली की बॉनेटवर आणि डाव्या दारांवर नुसती जाळी, बारीक गोल ओरखडे, सूर्य जिथं चमकतो त्याच्याभोवती तर विचारूच नका. दुसरं म्हणजे कंपनीत पार्किंग बाहेर आहे, नाशिकची अंबड एमआयडीसी, शेजारी फॅब्रिकेशनच्या शेड, दिवसभर ग्राइंडर चालू, त्यामुळे छतावर हात फिरवला की खरखरीत लागतं आणि धुतलं तरी जात नाही.

एका डिटेलिंगवाल्याकडे विचारलं तर तो म्हणे सिरॅमिक (रंगावर बसवायचा कडक पारदर्शक थर) करून टाका, १८ हजार, पाच वर्षं बघायला नको, ओरखडाच पडणार नाही. मला ते काही पटलं नाही आणि खरं सांगायचं तर १८ हजार पण नाहीत. घरी करायचं तर सुरुवात कुठून करू, मशीन लागतंच का हातानेही होतं? राहतो इंदिरानगरला, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये नळ आहे पण पाणी बोअरचं. दसऱ्याच्या पूजेआधी झालं तर बरं, आई मागे लागलीय.

पाथर्डीफाटा_सम्या

निल्या, तुझ्या दोन तक्रारी आहेत आणि दोन्हीचं औषध वेगळं. खरखर म्हणजे पेंटवर काहीतरी चिकटलंय, जाळी म्हणजे पेंटमधून काहीतरी गेलंय. आधी चिकटलेलं काढ, गेलेल्याचं मग बघू.

ग्राइंडरची ठिणगी म्हणजे लोखंडाचा तापलेला कण, तो पडला की रुततो आणि मग दवाने पावसाने तिथेच गंजतो. पांढऱ्या गाडीवर त्याचे नारिंगी ठिपके दिसतात, तुझ्या निळ्यावर दिसत नाहीत एवढंच. शाम्पूचं ते काम नाही. आयर्न रिमूव्हर म्हणून मिळतो ऑनलाइन, गाडी आधी नीट धुवून, थंड असताना, सावलीत मारायचा, थोड्या वेळात जांभळे ओघळ यायला लागतात म्हणजे लोखंड सुटतंय. वाळू द्यायचा नाही, भरपूर पाण्याने काढून टाकायचा. हातमोजे घाल आणि वास भयंकर असतो हे आधीच सांगतो, वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडणारच.

त्यानंतर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून छतावरून हात फिरव, नुसत्या बोटाला कळत नाही ते पिशवीतून कळतं. अजून खरखर असली तर क्ले बार, म्हणजे मळता येणारी चिकणमातीसारखी वडी. हातात मळून चपटा करायचा, शाम्पूचं पाणी सढळ हाताने मारायचं आणि जोर न लावता सरळ पुढे-मागे. आधी अडखळतो, आवाज करतो, मग सरकायला लागला की तो भाग झाला. मळला की दुमडून स्वच्छ बाजू वर घ्यायची. जमिनीवर पडला तर सरळ कचऱ्यात, धुवून वापरू नको, वाळूचा एक कण अडकला तरी पूर्ण दारावर रेघा मारशील. आणि क्लेने गडद रंगावर थोडे बारीक ओरखडे येतातच, म्हणून क्ले नेहमी पॉलिशच्या आधी, उगाच दर महिन्याला नाही.

हां, आणि मुख्य विचारायचं राहिलं. गाडी रोज कोण पुसतं?

अंबडचा_निल्या

सोसायटीत सकाळी एक दादा येतात. सगळ्यांच्याच गाड्या करतात. एक बादली आणि तो पिवळा फडका.

पाथर्डीफाटा_सम्या

मग सापडलं की. रात्रभराची धूळ, त्यात सगळीकडे कुंभाची कामं चालू, रस्ते खोदलेले, ती सगळी माती एकाच फडक्याने या गाडीवरून त्या गाडीवर. त्यांचा पण दोष नाही, एवढ्या पैशात अजून काय करणार. त्यांना सांग काचा पुसा, पायपुसणी झटका, बॉडीला हात लावू नका, पैसे तेवढेच देतो. हे केलं नाहीस तर बाकीचं काही करू नको, महिन्याभरात जाळी परत येईल.

आणि डिकीत तो कापसाच्या दोऱ्यांचा डस्टर असेल तर तोही घरातल्या पंख्यांना दे. गाडीचं कव्हर पण, धुळकट गाडीवर घातलं आणि वारा सुटला की तेच काम करतं.

सिडको_किंग

काय भो एवढा अभ्यास. कुठल्याही डेंटिंग पेंटिंगवाल्याकडे जा, हजार दीड हजारात रबिंग (पेस्टने घासून चमक आणणं) मारून देतो, दोन तासात गाडी चकाचक. मी दर दिवाळीला मारतो. एखादा ओरखडा राहिला तर टूथपेस्ट घासायची, गेला. तुम्ही लोक यूट्यूब बघून बघून साधी गोष्ट अवघड करून ठेवता

पेंटशॉपवाले_काका

मध्ये पडतो, राग नसावा. पेंट शॉपमध्येच नोकरी गेली, आता घरी असतो. किंग साहेब, तुम्ही दर दिवाळीला रबिंग म्हणालात म्हणून राहवलं नाही.

पत्र्यावर काय काय असतं बघा. बॉडी आधी सीईडीच्या, म्हणजे गंज रोखणाऱ्या पहिल्या थराच्या टाकीत बुडवतात, तो थर साधारण २० मायक्रॉनचा. त्यावर प्रायमर ३०-३५. मग रंग, म्हणजे बेस कोट, मेटॅलिकचा तर १५ च्या आसपासच. आणि सगळ्यात वर क्लिअर, म्हणजे बिनरंगाचा पारदर्शक थर, ३५ ते ४५. सगळं मिळून १०० ते ११५ मायक्रॉन धरा. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे तुमचा क्लिअर अर्ध्या केसाएवढा, आणि चमक, ओरखडे, रबिंग, सिरॅमिक, हे जे काय आपण बोलतोय ते सगळं त्या अर्ध्या केसात चाललेलं असतं. ऊन अडवणारं केमिकलही त्याच थरात. तो पातळ झाला की छत आणि बॉनेट आधी पांढुरकं पडतं, मग सालपटं निघायला लागतात, आणि मग कुठलंही पॉलिश उपयोगाचं नाही, रंगकामच करावं लागतं. रस्त्यावर अशा गाड्या बघितल्या असतील तुम्ही, छतावर नकाशे उमटलेले.

रबिंगने ओरखडा भरत नसतो. आजूबाजूचा क्लिअर ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणायचा, एवढंच ते काम. सहाणेवर चंदन उगाळल्यासारखं आहे, वास सुटतो पण खोड तेवढं झिजतंच. एकदा नीट केलं तर काही बिघडत नाही, दरवर्षी केलं तर गाडी विकायच्या आधीच क्लिअर संपतो.

आणि ते दोन तासात चकाचक दिसतं ना, त्यात बरंचसं तेल असतं. स्वस्त कंपाउंडमधलं तेल आणि फिलर ओरखड्यात जाऊन बसतं, चार वेळा गाडी धुतली की जाळी परत हजर. खात्री करायची असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, एक भाग त्याचा आणि चार भाग पाणी, मऊ कापडाने पुसा आणि मग गाडी उन्हात काढा. दुकानदारासमोरच काढा.

टूथपेस्ट दातांसाठी ठीक आहे. तिच्यात घासायची पावडर असते पण ती काही रंगासाठी बनवलेली नाही, पांढऱ्या गाडीवर खपून जातं, निळ्या काळ्यावर तेवढाच पट्टा धुरकट दिसतो आणि मग तो काढायला पॉलिश. डॅशबोर्डला मारायचा चकचकीत सिलिकॉनवाला स्प्रेही बॉडीवर मारू नका, पुढे कधी टचअप करायची वेळ आली तर तिथे रंग फाटतो, बारीक खड्डे पडतात, आम्ही त्याला क्रेटर म्हणायचो. आमच्याकडे त्यापायी कामावर येताना डिओ आणि केसांना क्रीम लावायला बंदी होती, नवीन पोरांना पटायचं नाही.

आता निल्या, तुझ्यासाठी. सेकंड हँड गाडी आहे आणि जाळी डाव्या दारांवर जास्त म्हणतोस, मला शंका येतेय की तो भाग रंगवलेला आहे. कंपनीत क्लिअर १४० डिग्रीला भाजतात. बाहेर गॅरेजमध्ये ६० च्या आसपास, कारण तोवर गाडीत वायरिंग, सीट, प्लास्टिक सगळं बसलेलं असतं, जास्त तापवताच येत नाही. त्यामुळे गॅरेजचा क्लिअर वेगळा असतो आणि बऱ्याचदा मऊ, लवकर ओरखडतो. दाराचं रबर थोडं बाजूला करून बघ, रंगाची कड किंवा टेपची रेघ दिसते का. डाव्या आणि उजव्या दारात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघ, संत्र्याच्या सालीसारखे उंचसखल जे असतात ते दोन्हीकडे सारखे आहेत का. ओळखीच्या कोणाकडे डीएफटी मीटर, म्हणजे रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजणारं यंत्र, असेल तर उत्तम, २०० च्या वर आकडा म्हणजे परत रंगवलंय, ५००-६०० च्या वर गेला तर खाली पुट्टी आहे. बंपरवर तो मीटर लावू नको, बंपर प्लास्टिकचा, तिथे काही दाखवणार नाही.

अंबडचा_निल्या

काका, पाया पडतो. डाव्या मागच्या दाराच्या रबराखाली चक्क रंगाची कड आहे, आणि पुढच्या दाराच्या बिजागरीच्या बोल्टवर पण निळा रंग उडालाय. विकणारा म्हणाला होता कंपनी पेंट आहे, एक ओरखडा सुद्धा रंगवलेला नाही. जाऊ दे आता. मग त्या दारांना पॉलिश करायचंच नाही का?

पेंटशॉपवाले_काका

करायचं, पण हलक्याने. गॅरेजवाल्यांनी क्लिअर किती मारला आणि त्यावर किती घासला देव जाणे, जाड असेल किंवा नसेलही. तिथे कटिंगचं, म्हणजे जास्त घासणारं कंपाउंड लावूच नको, फक्त फिनिशिंग पॉलिश आणि मऊ फोम. ७० टक्के जाळी गेली तरी खूश राहा. नख अडकतंय असा ओरखडा असेल तर त्याच्या मागे लागायचंच नाही, तो क्लिअरच्या पार गेलेला असतो किंवा जवळपास, त्याला टचअपचा थेंब.

आणि कुठलाही पॅनल असो, आधी एक फूट बाय एक फूट जागा करून बघायची. सगळ्यात सौम्य पॉलिशने सुरुवात, तेवढ्यात भागलं तर संपलं, पुढे जायचंच नाही. लोक उलट करतात, आधी सगळ्यात कडक कंपाउंड आणतात.

सिडको_किंग

काका मान्य, पण मग माझी जुनी पांढरी गाडी आहे २००४ ची, तिला रबिंग केलं की फडका पांढरा होतो आणि गाडी खरंच चमकते, तेल बिल काही नाही, सहा महिने राहतं

पेंटशॉपवाले_काका

तुमचं बरोबर आहे आणि त्याचं कारणही आहे. फडक्यावर रंग येतो म्हणजे त्या गाडीला वर क्लिअर नाहीच, रंग आणि चमक एकाच थरात. त्या काळात साध्या पांढऱ्याला सर्रास तसंच असायचं. उन्हाने वरचा रंग मरतो, खडूसारखा होतो, रबिंगने तो मेलेला भाग निघतो आणि खालचा ताजा वर येतो. तुमच्या गाडीला रबिंग हेच औषध, फक्त नंतर वॅक्स लावत जा म्हणजे दरवर्षी लागणार नाही. निल्याच्या गाडीला तो हिशोब लागू नाही. त्याच्या फडक्यावर निळा आला तर समजायचं क्लिअर संपला.

मृण्मयी_गंगापूररोड

पॉलिशवर सगळे बोलतायत, पाण्यावर कोणीच नाही. निल्या दादा, तुमचं पाणी बोअरचं आहे ना, मग उन्हात धुतलेली गाडी आपोआप वाळू दिली की पांढरे गोल डाग राहतात, ते कॅल्शियम मॅग्नेशियमचे क्षार. ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी अर्धं अर्धं करून, कापड भिजवून डागावर मिनिटभर ठेवायचं, मग भरपूर पाण्याने धुवायचं. जुने झाले, उन्हात तापले, की क्लिअरमध्ये उतरतात आणि मग पॉलिशशिवाय जात नाहीत.

आमच्याकडे वॉशिंगला बोअरचं चालतं पण शेवटचं पाणी महापालिकेचं, गंगापूर धरणाचं, ते बरंच हलकं आहे. आणि प्लीज आरओचं वाया जाणारं पाणी साठवून त्याने गाडी धुऊ नका, आमच्या सोसायटीत सगळे काका लोक अभिमानाने तेच करतात. आरओने काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात, ते मूळ पाण्यापेक्षाही जड होतं. त्याने फरशी पुसा, संडास धुवा. उलट एसीच्या पाइपचं पाणी जमा करा, त्यात क्षार जवळजवळ नसतातच, शेवटच्या पुसण्याला एकदम मस्त.

आमच्या पार्किंगला नळ नाहीये त्यामुळे मी रिन्सलेस वॉश करते, म्हणजे नंतर पाणी ओतून धुवायची गरज नसलेला. एका बादलीत मापाने ते लिक्विड, त्यात सात आठ मायक्रोफायबर भिजवून ठेवायचे. आधी बागेला फवारायचा हातपंप असतो ना दोन लिटरचा, त्यातून तेच पाणी पॅनलवर मारायचं, धूळ फुगू द्यायची, मग एक कापड एक पॅनल, एकाच दिशेने, वरून खाली, आणि वापरलेलं कापड परत बादलीत बुडवायचं नाही. अख्खी गाडी एका बादलीत होते. चिखल लागलेला असेल, म्हणजे त्र्यंबकला पावसात जाऊन आलात वगैरे, तर मात्र हे चालत नाही, तिथे आधी जोरात पाणीच हवं.

मायक्रोफायबर वेगळे धुवायचे, घरातल्या टॉवेलबरोबर टाकले की सगळा कापूस त्यांना चिकटतो. सॉफ्टनर नाही, इस्त्री नाही. चाकं पुसलेलं कापड बॉडीला परत कधीच नाही, मी त्याला कोपऱ्यात गाठ मारून ठेवते.

भांड्याच्या लिक्विडने धुतली तर वॅक्स निघून जातो. म्हणजे पॉलिशच्या आधी एकदा तसं धुतलं तर चालेल, पण एरवी कार शाम्पूच.

बागाईतदार_दिंडोरी

ताईंनी फवारणीचा पंप म्हटलं म्हणून लिहितो. तो पंप नवीन घ्या, बागेतला वापरू नका, कितीही धुतला तरी आत राहतं कायतरी.

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण इथंच विचारतो. आमची गाडी द्राक्षबागेच्या कडेलाच उभी असते. ऑक्टोबर छाटणी झाली की डावणीच्या, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाच्या भीतीने फवारण्या सुरू, ब्लोअर फिरला की बोर्डोचा तुषार वाऱ्याने गाडीवर. बॉनेटवर निळसर पांढरे ठिपके वाळून बसतात, फडक्याने घासले तर निघतात पण खाली रेघा दिसतात. सिल्व्हर गाडी आहे त्यामुळे फार कळत नाही पण काचेवर तर घट्टच बसतात. काय लावायचं?

पेंटशॉपवाले_काका

चांगला प्रश्न विचारला. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, वाळला की चुन्याचे खडे होतात, ते फडक्याने ओढले म्हणजे पॉलिश पेपर ओढल्यासारखंच झालं. घासायचंच नाही. आधी नुसत्या पाण्याने भिजवा, मग ताईंनी सांगितलंय तेच व्हिनेगर पाणी, भिजलेलं कापड डागांवर ठेवा, चुना आम्लात विरघळतो, स्वतःहून सुटतो. राहिलं तर परत एकदा. मग शाम्पूने धुवा म्हणजे आम्ल राहायला नको. तापलेल्या बॉनेटवर हे करू नका, गाडी थंड हवी. संडास धुवायचं ॲसिड कोणी सुचवेल, अजिबात नाही, क्रोम आणि ॲल्युमिनियम काळं पडतं. सिमेंटचे थेंब पडले तरी हीच पद्धत, फक्त धीर जास्त लागतो.

सगळ्यात सोपं म्हणजे छाटणीच्या आधी गाडीला वॅक्स करून ठेवा. थर असला की ठिपके रंगाला धरत नाहीत, पाण्याबरोबर बरेच जातात. काचेलाही लावता येतो, पुढची काच सोडून, वायपर घसरतो.

बागाईतदार_दिंडोरी

धन्यवाद काका. फवारणीच्या दिवशी गाडी भावाच्या शेडमध्ये लावतो आता, ते सगळ्यात स्वस्त.

पाथर्डीफाटा_सम्या

आता मशीनचं सांगतो, निल्याने विचारलं होतं. हाताने होतं, पण हाताने फक्त एखादा डाग, दाराच्या हँडलमागचे नखांचे ओरखडे, एवढंच. पूर्ण बॉनेट हाताने घासलास तर खांदा जाईल आणि जाळी तशीच राहील.

रोटरी घेऊ नको, ती दुकानवाल्यांची, एका जागी फिरते, क्षणभर हात थांबला की तापते आणि कडेवर रंग जाळते. ड्रिल मशीनला फोम लावून करणारे पण आहेत, तेही रोटरीच झालं, हेडलाइटला ठीक, बॉनेटला नको. डीए म्हणजे ड्युअल ॲक्शन, फिरते पण आणि हलते पण, जास्त दाबलं तर फिरायचीच थांबते, त्यामुळे नवशिक्याला सुरक्षित. पॅडच्या मागच्या प्लेटवर मार्करने एक रेघ मारून ठेव, चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. थांबली म्हणजे तू दाबतोयस किंवा पॅड वाकडं धरलंयस.

पद्धत अशी की गाडी धुवून, क्ले करून, कोरडी. प्लास्टिकच्या काळ्या पट्ट्या, रबर, पॅनलच्या कडा आणि बॉनेटवरच्या ज्या धारदार रेषा असतात त्या सगळ्यांना मास्किंग टेप, कारण कडेवर रंग सगळ्यात पातळ बसलेला असतो. पॅडवर मटारएवढे चार थेंब, मशीन बंद असतानाच पॅनलवर टेकवून पसरवायचं नाहीतर चालू केल्या केल्या तुझ्या शर्टावर. मग कमी स्पीडला फिरवून घे, मग ४ किंवा ५ वर, दोन बाय दोन फुटांचा तुकडा, आधी आडवे पट्टे मग उभे, अर्धा पट्टा आधीच्यावर चढला पाहिजे, आणि हात हळू, अगदी कंटाळा येईल इतका हळू. लोक इस्त्री केल्यासारखे भराभरा फिरवतात मग म्हणतात मशीन बेकार. चार पाच वेळा पूर्ण झालं की पुसून टॉर्च मारून बघ. मोबाइलचा टॉर्च चालतो, पार्किंगमधले दिवे बंद करून.

दोन तुकडे झाले की पॅड ब्रशने झाडायचं. पॅड एकावर थांबू नको, तीन चार तरी लागतात, एकच पॅड ओलं झालं, भरलं की ते कापतही नाही आणि चमकवतही नाही. वायर खांद्यावरून मागे सोड, बॉनेटवर घासली तर केलेलं सगळं पाण्यात.

सकाळी कर. आपल्याकडे ऑक्टोबरचं ऊन काय असतं माहितीये, अकरानंतर बाहेर उभ्या गाडीला हात टेकवत नाही, पॉलिश लावल्या लावल्या वाळून पावडर होतं. आणि एका दिवसात अख्खी गाडी करायचा हट्ट नको. आज छत बॉनेट, पुढच्या रविवारी बाकीचं.

अंबडचा_निल्या

हे सगळं वाचून आता भीती कमी वाटतेय. शेवटी वर काय लावू? आणि तो सिरॅमिकवाला म्हणतो ९एच म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल, ते खरं का?

पेंटशॉपवाले_काका

हिऱ्याचा काही संबंध नाही. ९एच ही पेन्सिलीची मोजणी आहे. कडकपणा तपासायला रंगावर वेगवेगळ्या पेन्सिली ओढतात, मऊपासून कडकपर्यंत, आणि ९एच ही त्यातली कडक टोकाची. पेन्सिलीने ओरखडा आला नाही एवढाच त्याचा अर्थ. रस्त्यावरची वाळू, किल्ली, बैलगाडीचा खिळा हे पेन्सिली नव्हेत. सिरॅमिक वाईट आहे असं मी म्हणत नाही, पाणी मोत्यासारखं घरंगळतं, चिखल धरत नाही, धुवायला सोपी जाते, आणि वॅक्सपेक्षा कितीतरी जास्त टिकतं. पण खालची जाळी पॉलिश न करता वर सिरॅमिक मारलं तर जाळी तशीच आत राहते आणि मग ती काढायला आधी सिरॅमिक घासून काढावं लागतं. १८ हजारात पॉलिश किती टप्प्यांचं आहे ते त्याला विचारून बघ, खरी मेहनत तिथे असते. आणि दगडांपासून वाचवायचं असेल तर ते काम जाड फिल्मचं, पीपीएफचं, सिरॅमिकचं नाही.

तुला यंदा साधा पेस्ट वॅक्स पुरे. कार्नोबाचा, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण असतं ते. पातळ लावायचा, जाड लावला म्हणून जास्त टिकत नाही, नुसता पुसायला त्रास. आपल्या उन्हात दीड दोन महिने धर. पाणी थेंबाथेंबाने उभं राहायचं बंद झालं की परत लाव. जास्त टिकायला हवं तर सिंथेटिक सीलंट, चार सहा महिने जातो. दोन्ही काळ्या प्लास्टिकला लागू देऊ नको, पांढरे डाग बसतात.

मृण्मयी_गंगापूररोड

आणि वॅक्स पूजेच्या आधी, नंतर नाही! दसऱ्याला सगळे बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढतात, वर हळद, मग दोन दिवस तसंच ठेवतात, आणि मग कोरड्या कापडाने घासून काढतात. आमच्या पांढऱ्या गाडीवर गुलाबी स्वस्तिक पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत होतं. कुंकवात हल्ली रंग काय घातलेला असतो सांगता येत नाही. वॅक्स असला आणि त्याच संध्याकाळी पाण्याने धुतलं तर राहत नाही. हार पण झेंडूचा तारेवर ओवलेला असतो, तार बॉनेटवर घासते, फिरायला काढायच्या आधी हार उतरवा.

अंबडचा_निल्या

ताई, आईला सांगून बघितलं की स्वस्तिक काचेवर काढू. ती म्हणे काचेवर वायपर फिरतो, देवाचं पुसलं जातं. त्यामुळे बॉनेटच. वॅक्स आधीच लावतो मग.

आता शेवटचा प्रश्न, डीए मशीन नाशकात भाड्याने मिळतं का कुठे? एका गाडीसाठी पाच सहा हजाराचं मशीन जिवावर येतंय.

सिडको_किंग

भाड्याने मिळालं तर मला पण सांगा. पांढरीला नाही, बायकोच्या नवीन गाडीला. शोरूमवाल्यांनी डिलिव्हरीच्या दिवशीच धुवून जाळी करून दिलीय

पेंटशॉपवाले_काका

पुढच्या वेळी गाडी घेताना आधीच सांगायचं, नुसती पाणी मारून द्या, पुसू नका. ऐकतात, दोनदा सांगावं लागतं.

पाथर्डीफाटा_सम्या

निल्या, माझं मशीन ने. पाथर्डी फाट्याहून तुला दहा मिनिटं. पॅड आणि पॉलिश तुझं तू आण, माझे पॅड देणार नाही, त्यात माझ्या गाडीचं कंपाउंड बसलंय. या रविवारी नको, मला लागतंय. नंतर घेऊन जा आणि दसऱ्याच्या आधी परत दे. किंग, तुझा नंबर त्याच्यानंतर, पण आधी लिहून दे की टूथपेस्ट लावणार नाहीस.